शोधयंत्राला विचारू कापरेकरांचे प्रश्न

चार अंकी कोणतीही एक संख्या घ्या. अट एवढीच, की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करा. उदाहरणार्थ, १९०५ ही संख्या घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

येथून पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ हीच संख्या येत राहते. सुरुवात कोणत्याही संख्येने करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण याच मुक्कामाला पोहोचतो.

१९०५ ही संख्या आम्ही मुद्दाम निवडली. या गमतीचे जनक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ साली, त्यांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही, गणकयंत्र नाही. पेन्सिल, कागद आणि संख्यांचे वेड एवढ्या सामग्रीवर त्यांनी ६१७४ चा गुणधर्म शोधला (१९४९), आणि ‘कापरेकर संख्या’, ‘स्वयंभू संख्या’, ‘हर्षद संख्या’, ‘डेमलो संख्या’ असे संख्यांचे नवे नवे वर्ग पुढे आणले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. १९८६ साली कापरेकर निवर्तले.

आज आपल्या शाळेतील संगणकावर किंवा खिशातील फोनवर, गणिते करणारी आणि संख्या शोधून देणारी यंत्रे इंटरनेटवरून सहज उपलब्ध आहेत. अनेक शिक्षकांना त्यांची धास्ती वाटते. विद्यार्थ्याने प्रश्न टाकला आणि उत्तर आयते आले, तर गृहपाठाला अर्थ काय उरला? ही शंका रास्त आहे. म्हणून आम्ही नाशिककरांनी आपल्याच मातीतील कापरेकरांचे प्रश्न या यंत्रांपुढे ठेवून पाहिले. नव्या साधनाची परीक्षा नेहमी अशीच घ्यावी: ज्याचे उत्तर आपल्याला हाताने तपासता येते, असाच प्रश्न त्याला प्रथम विचारावा.

शोधयंत्रांचे तीन प्रकार

नेहमीचे शोधयंत्र आपण दिलेले शब्द घेते आणि ते शब्द कोणकोणत्या पानांवर आहेत याची यादी देते. ते स्वतः गणित करण्यासाठी बनवलेले नसते. कोणीतरी लिहून ठेवलेले उत्तर ते शोधून आणते, एवढेच.

दुसरा प्रकार गणन करणाऱ्या यंत्राचा. मे २००९ मध्ये सुरू झालेले ‘वोल्फ्रॅम अल्फा’ हे त्याचे ठळक उदाहरण. ९९९९९ चे मूळ अवयव विचारले, तर ते कुठले पान शोधत बसत नाही. ते त्या क्षणी अवयव पाडते आणि ३ × ३ × ४१ × २७१ असे उत्तर देते.

तिसरा प्रकार शिक्षकांना फारसा परिचित नाही, पण आमच्या मते वर्गासाठी सर्वांत उपयोगी आहे. तो म्हणजे पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन ज्ञानकोश, इंग्रजी आद्याक्षरांनुसार ‘ओईआयएस’. नील स्लोन या गणितज्ञाने विद्यार्थिदशेत, १९६४ च्या सुमारास, संशोधनात भेटणाऱ्या क्रमिका टिपून ठेवण्यास सुरुवात केली. पुढे त्या त्याने कार्डांवर उतरवल्या. १९७३ साली त्या संग्रहाचे पुस्तक झाले, तेव्हा त्यात २३७२ क्रमिका होत्या. १९९६ मध्ये संग्रह इंटरनेटवर आला. आज तेथे साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. याचे वैशिष्ट्य असे, की येथे शब्दाऐवजी संख्याच देऊन शोध घेता येतो. क्रमिकेची पाचसहा पदे स्वल्पविराम देऊन टाकायची (अंक मात्र इंग्रजी लिपीतले हवेत), की ती पदे ज्या ज्या क्रमिकांत ओळीने येतात त्या सर्व समोर येतात. सोबत व्याख्या, सूत्रे आणि जुन्या लेखांचे संदर्भही असतात.

पहिला प्रयोग: नाव हरवले, संख्या सापडली

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतल्यास १५ + १ + ५ = २१. कापरेकर म्हणत, १५ ही २१ ची जनक संख्या. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. काही संख्यांना मात्र जनकच नसतो. २० घ्या. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून एकदम २१. २० पर्यंत नेणारी वाट नाही. अशा संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. देवळालीवरून त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात.

आम्ही कागदावर काढलेली पदे, १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ओईआयएसमध्ये टाकली. उत्तरात जी क्रमिका मिळाली तिच्या मथळ्यात ‘सेल्फ नंबर्स’ या नावाला जोडून ‘कोलंबियन नंबर्स’ असे नाव आहे! १९७० च्या दशकात कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांविषयी एका अमेरिकन गणित मासिकात प्रश्न मांडला होता. त्यांच्या देशाचे नाव या संख्यांना चिकटले. म्हणजे ‘कोलंबियन संख्या’ एवढेच ठाऊक असणाऱ्या वाचकाला नावावरून देवळालीचा पत्ता लागणार नाही. पण त्याच पानावर खाली संदर्भांत पाहावे, तर कापरेकरांच्या १९५९ च्या पुस्तिकेची नोंद आहे, आणि प्रकाशनस्थळ आहे देवळाली कॅम्प. कापरेकर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत अशी पुस्तिका हरवून जायला वेळ लागत नाही. नावे बदलली, भाषा बदलली, तरी १, ३, ५, ७, ९, २०, ३१ या संख्या सगळीकडे त्याच राहतात. संख्येवरून शोध घेण्याचे मोल येथे कळते.

दुसरा प्रयोग: जुळते म्हणजे खरे, असे नाही

स्वयंभू संख्यांची यादी थोडी पुढे नेऊ: ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. वर्गातील चुणचुणीत विद्यार्थी लगेच म्हणेल, दर वेळी ११ मिळवायचे, म्हणून पुढची संख्या ११९. तपासून पाहा. १०९ + १ + ० + ९ = ११९. म्हणजे ११९ ला जनक आहे, ती स्वयंभू नाही. १०८ नंतरची स्वयंभू संख्या आहे ११०.

आता यंत्राला फक्त २०, ३१, ४२, ५३, ६४ ही पाच पदे द्या. उत्तरांत स्वयंभू संख्या येतात, तशीच अकरा-अकराने वाढणारी साधी अंकगणिती श्रेढीही येते. यंत्राचे काही चुकले नाही, कारण दोन्ही क्रमिका त्या पाच पदांशी तंतोतंत जुळतात. आपल्याला यांपैकी कोणती हवी आहे, हे यंत्राला कसे कळावे? ते ठरते व्याख्येवरून, आणि व्याख्या आपल्याकडे असते. पदांत १०८ पाठोपाठ ११० लिहिले, की श्रेढी बाद होते. ‘पुढची संख्या ओळखा’ हा प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेत सर्रास घालतो. नियम न सांगता विचारलेल्या अशा प्रश्नाला एकच उत्तर असते असे गृहीत धरणे किती धोक्याचे आहे, हे दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही.

तिसरा प्रयोग: एक नाव, दोन याद्या

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून मिळवा: २० + २५ = ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ओईआयएसमध्ये त्यांचा शोध घेतला असता दोन वेगळ्या याद्या मिळतात. एका यादीत २७२८ नंतर ४८७९ आहे, दुसरीत २७२८ नंतर थेट ४९५० येते. ५२९२ चेही तसेच. पहिल्या यादीत आहे, दुसरीत नाही.

मग खरी यादी कोणती? ४८७९ चा वर्ग २३८०४६४१. संख्या चार अंकी, म्हणून वर्गाचे शेवटचे चार अंक तोडले, तर २३८० + ४६४१ = ७०२१, म्हणजे जमले नाही. शेवटचे पाच अंक तोडले, तर २३८ + ०४६४१ = ४८७९, जमले! दुसऱ्या यादीची अट अशी, की संख्येत जितके अंक तितकेच अंक वर्गाच्या शेवटून तोडायचे. पहिल्या यादीत ही अट नाही. दोन्ही याद्या बरोबरच आहेत. त्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत.

येथपर्यंत यंत्राने आणून दिले. आता ‘का’ हा प्रश्न विचारू, आणि त्यासाठी पेन्सिल हातात घेऊ. इयत्ता नववीचे बीजगणित पुरेसे आहे. समजा संख्या ‘स’ आहे आणि तिच्या वर्गाचा डावा तुकडा ‘ड’, उजवा तुकडा ‘उ’. उजव्या तुकड्यात दोन अंक असतील, तर

स × स = १०० × ड + उ
स = ड + उ

पहिल्यातून दुसरे वजा केले, की स × (स − १) = ९९ × ड. म्हणजे स आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. ४५ × ४४ = १९८० = ९९ × २०. पटले!

आता ९९ = ९ × ११. लगतच्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, म्हणून ९ हा अवयव फुटून अर्धा इकडे, अर्धा तिकडे जाऊ शकत नाही. तो सगळा एकीकडेच जातो. ११ चेही तसेच. ४५ मध्ये ९ आहे, ४४ मध्ये ११. ५५ मध्ये ११ आहे, ५४ मध्ये ९. आणि ९९ मध्ये दोन्ही. दोन अंकी कापरेकर संख्या तीनच का, याचे उत्तर हे असे मिळाले.

चार अंकांसाठी हाच विचार ९९९९ वर लावू. गणनयंत्राला अवयव विचारा: ९ × ११ × १०१. तीन अवयव, प्रत्येकाला जागा दोन, स किंवा स − १. एकूण वाटण्या २ × २ × २ = ८. प्रत्येक वाटणीतून एक संख्या मिळते: १, २२२३, २७२८, ४९५०, ५०५०, ७२७२, ७७७७ आणि ९९९९. यांतील चार अंकी सात संख्या त्या कडक अटीच्या यादीशी ताडून पाहा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. शिवाय २२२३ + ७७७७, २७२८ + ७२७२ आणि ४९५० + ५०५० या तिन्ही बेरजा १०००० येतात.

आता ४८७९ चे कोडे सोडवू. ९९९९९ चे अवयव ९ × ४१ × २७१ हे आपण वर पाहिले. पुन्हा तीन अवयव, पुन्हा आठ संख्या: १, ४८७९, १७३४४, २२२२२, ७७७७८, ८२६५६, ९५१२१ आणि ९९९९९. ४८७९ ला ४१ ने भाग जातो आणि ४८७८ ला ९ व २७१ ने. म्हणजे ४८७९ ही दिसायला चार अंकी, पण तिचे घराणे पाच अंकी. ०४८७९ असे लिहिले की ती आपल्या भावंडांत बसते, आणि ९५१२१ ही तिची जोडीदार. दोघींची बेरीज १०००००! दोन याद्यांमधील भांडण अखेर पुढच्या एका शून्यापाशी मिटले. या विचाराचे सर्वसाधारण रूप डग्लस इआनुची यांनी २००० साली प्रसिद्ध केले. त्याचा गाभा मात्र आपल्या नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येतो.

पडताळा आणि सिद्धता

आता पुन्हा ६१७४ कडे येऊ. चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या, तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत तपासायच्या संख्या उरतात ९९९०. संगणक त्या सर्व क्षणार्धात तपासतो. संख्या मर्यादित आहेत आणि एकही सुटलेली नाही, म्हणून हा पडताळा हीच सिद्धता ठरते. मात्र त्यातून कारण कळत नाही.

पेन्सिलीने हे काम किती हलके होते पाहा. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे चार अंकांपैकी महत्त्वाचे फक्त दोन फरक. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही, दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका. एकूण जोड्या २ + ३ + ४ + … + १० = ५४. नऊ हजार नऊशे नव्वदवरून आपण चोपन्नवर आलो! वर्गातील मुलांना या जोड्या वाटून दिल्या, तर एका तासिकेत ६१७४ ची संपूर्ण सिद्धता त्यांच्या वह्यांत उतरेल. येथे एकच दक्षता घ्यावी. २१११ पासून पहिली वजाबाकी ०९९९ येते. ते शून्य गाळले, तर पुढची वजाबाकी ० होऊन सारा खेळ बिघडतो. शून्य सांभाळायला मुलांना आधीच बजावावे.

तीन अंकांसाठी तर काम आणखी सोपे. वजाबाकी असते ९९ × (पहिला अंक − शेवटचा अंक), म्हणून शक्यता नऊच. ०९९ पासून ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. पाच अंकांत मात्र असा एकच मुक्काम नाही. ५३९५५ पासून ५९९९४ आणि पुन्हा ५३९५५, असे चक्र फिरत राहते. सहा अंकांत स्वतःवरच थांबणाऱ्या संख्या दोन: ५४९९४५ आणि ६३१७६४. आमचा सल्ला असा, की ४९५, ६१७४, ५४९९४५ ही तीन पदे विद्यार्थ्यांनाच ओईआयएसमध्ये टाकू द्यावीत. पुढची पदे पाहून ‘पाच अंकी संख्या कुठे गेली?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल.

वर्गात वापरताना

या प्रयोगांवरून आम्ही स्वतःसाठी काही नियम ठरवले. यंत्राकडे जाण्यापूर्वी पहिली पाचसहा पदे विद्यार्थ्याने हाताने काढलेली असावीत. उत्तर आल्यावर व्याख्या वाचावी आणि आपली व्याख्या तीच आहे का, हे पाहावे. यादीतील एखादी अनोळखी संख्या घेऊन ती स्वतः तपासावी. आणि शेवटी ‘असे का?’ हा प्रश्न वहीत लिहावा, उत्तर मिळो वा न मिळो. अलीकडे प्रश्न विचारला की सफाईदार वाक्यांत उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांच्या उत्तरांना तर हे नियम अधिकच लागू पडतात, कारण भाषेची सफाई ही हिशेबाच्या अचूकतेची खूण नव्हे.

गृहपाठाच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. ‘४५ चा वर्ग काढा’ एवढाच गृहपाठ असेल, तर तो यंत्र करील. ‘२०२५ मधून ४५ परत का मिळाले?’ असे विचारले, तर विद्यार्थ्याला यंत्राकडून अवयव घ्यावे लागतील आणि विचार स्वतः करावा लागेल. देवळालीच्या शिक्षकाने आयुष्यभर दुसऱ्या प्रकारचेच प्रश्न विचारले.

करून पाहा

१. दोन अंकी संख्यांवर वजाबाकीची क्रिया करा. ०९ पासून सुरुवात केल्यास कोणते चक्र मिळते?
२. २०२५ ची जनक संख्या शोधा. आपल्या जन्मसालाला जनक आहे का?
३. ११, १११, ११११ यांचे वर्ग करा. मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेमलो या, म्हणजे आजच्या डोंबिवलीच्या, स्थानकावरून कापरेकरांनी अशा संख्यांना नाव दिले. १२३२१ सारखा सुबक आकार किती एककांपर्यंत टिकतो? दहा एकक घेतल्यास काय होते?
४. ९९९९९९ = २७ × ७ × ११ × १३ × ३७. कापरेकर संख्यांच्या पहिल्या यादीतील ५२९२ आणि तिच्या आधीची ५२९१ यांत हे पाच अवयव कसे वाटले गेले आहेत, ते दाखवा. ५२९२ ची सहा अंकी जोडीदार कोणती?